दोन-तीनशे रुपयांचा पिवळा मल्टिमीटर: ओहमला चालतो, वॅटला अडतो

कोल्हापुरात कुठल्याही इलेक्ट्रिकलच्या दुकानात डीटी-८३० जातीचा पिवळा मीटर दोन-तीनशे रुपयांना मिळतो. ‘व्होल्टेज बघा, अँपिअर बघा, गुणाकार करा, वॅट आले’ असं सांगून तो विकला जातो. गुणाकार बरोबर आहे, पण घरच्या लाइटचे अँपिअर हा मीटर मोजतच नाही. त्याची करंटची रेंज फक्त डीसीची, म्हणजे बॅटरीच्या करंटची आहे. म्हणजे ट्रॅक्टरचा १२ व्होल्टचा, ५५ वॅटचा दिवा साधारण ४.६ अँपिअर घेतो की नाही, हे कळेल. गीझरचं कळणार नाही.

ओहमच्या, म्हणजे रेझिस्टन्सच्या बाबतीत मात्र हा मीटर पैसे वसूल करतो. २००० वॅटच्या गीझरची कॉइल २३० व्होल्टला किती ओहमची हवी? व्होल्टेजचा वर्ग भागिले वॅट, म्हणजे ५२,९०० भागिले २०००, साधारण २६.५. मेन स्विच बंद करून कॉइलची निदान एक वायर सोडवा, नॉब २०० ओहमवर आणा आणि आधी दोन्ही प्रोब एकमेकांना टेकवून बघा. तिथे ०.५ वगैरे दिसेल. तो वायरींचा स्वतःचा रेझिस्टन्स, तो वजा करायचा. उरलेला आकडा २५-२६ च्या आसपास आला की कॉइल ठीक. नुसता डावीकडे १ दिसला तर कॉइल तुटली आहे. कॉइलची तार नायक्रोमची असते, तापल्यावर तिचा रेझिस्टन्स थोडाच वाढतो, त्यामुळे थंड मोजमाप चालतं. जुन्या १०० वॅटच्या पिवळ्या बल्बला हा हिशेब लावू नका. पेटल्यावर तो ५२९ ओहमचा असतो, थंड असताना जेमतेम ४० च्या आसपास. टंगस्टन आहे तो, मीटर बिघडलेला नाही.

एसी, म्हणजे घरच्या लाइटच्या व्होल्टेजला जरा जपून. ७५० च्या रेंजवर आकडा एकेका व्होल्टने सरकतो आणि सोबतच्या पत्रकात अचूकता बहुधा ‘१.२ टक्के अधिक १० अंक’ अशी दिलेली असते. तो १० अंकांचा भाग वाचायचा राहून जातो. या रेंजवर १० अंक म्हणजे १० व्होल्ट, त्यामुळे २३० वर एकूण १२-१३ व्होल्ट इकडे-तिकडे. वॅट व्होल्टेजच्या वर्गावर चालतात, म्हणून ओहमवरून वॅट काढताना ही चूक दुप्पट होऊन ११ टक्क्यांपर्यंत जाते. लाइट २०० वर घसरली तर तोच २००० वॅटचा गीझर १५०० वर येतो. पाणी उशिरा तापतंय म्हणून कॉइल बदलण्याआधी एवढं तपासा. चौकोनी वेव्हच्या स्वस्त इन्व्हर्टरवर हा मीटर ११ टक्के जास्त दाखवतो, कारण त्याची मोजणी साइन वेव्ह धरून केलेली असते.

नदीकाठच्या पंपाच्या मोटरला ओहमवरून वॅट काढणं साफ चूक. वाइंडिंगचा रेझिस्टन्स दोन-चार ओहम असतो, त्यावरून हिशेब केला तर पाच एचपीची मोटर गुऱ्हाळाची भट्टी होईल. तिथे तीन फेजचा हिशेब: १.७३२ × व्होल्टेज × अँपिअर × पॉवर फॅक्टर (प्रत्यक्ष कामी येणारा हिस्सा). ४१५ व्होल्ट, ७.५ अँपिअर आणि ०.८ धरले तर साधारण ४.३ किलोवॅट. यातले अँपिअर मोजायला क्लॅम्प मीटरच लागतो, म्हणजे वायरीभोवती जबडा लावून मोजणारा. त्याचा जबडा एकाच वायरीभोवती हवा. फेज-न्यूट्रल दोन्ही आत घेतले की करंट एकमेकांना मारतात आणि शून्य दिसतं. स्वस्त क्लॅम्पचा शेवटचा अंक ०.१ अँपिअरचा असतो, तेव्हा लहान लोडला वायरचे दहा वेढे जबड्यातून घ्या आणि आकड्याला दहाने भागा.

फुकटात वॅट काढायचे तर महावितरणच्या मीटरवरचा लुकलुकणारा लाल दिवा पुरतो. मीटरवर एका युनिटला ३२०० पल्स छापलं असेल तर बाकी सगळं बंद करून एक मिनिट मोजा आणि १८.७५ ने गुणा. २००० वॅटला १०७ च्या आसपास लुकलुक होईल. हे उत्तर पिवळ्या मीटरपेक्षा जास्त भरवशाचं.

आता धोका. लाल वायर १० अँपिअरच्या भोकात राहिली आणि प्रोब प्लगच्या सॉकेटला लावले, तर थेट शॉर्ट. त्या भोकाला बहुतेक मीटरांत फ्यूजच नसतो. प्रोबच्या वायरी बारीक आहेत. तीन फेजच्या स्टार्टरवर, डीपीवर हा मीटर नेऊच नये. तिथे कॅट थ्री (सुरक्षिततेचा दर्जा), ६०० व्होल्ट लिहिलेला, नावाजलेल्या कंपनीचा घ्या.

दुकानात पैसे देण्याआधी २०० ओहमवर प्रोब टेकवून वायरी हलवून बघा. आकडा उड्या मारत असेल तर दुसरा सेट मागा. वायर अखंड असली की वाजणारा बझर आहे का तेही विचारा, सगळ्या मॉडेलांना नसतो. ९ व्होल्टची बॅटरी सोबत आलेली असली तरी नवी टाका. ती उतरली की मीटर बंद पडत नाही, आकडे गुपचूप वाढवून दाखवायला लागतो.