सर्वांसाठी आरोग्य विमा : करातून, वर्गणीतून की सक्तीच्या खासगी पॉलिसीतून?

सगळ्यांना आरोग्य विमा द्यायचा ठरला की पहिला वाद पैशाचा. मार्ग तीन आहेत. ते तोलताना मी एकच प्रश्न आधी विचारते : ज्याच्या हातात पगाराची स्लिप पडत नाही, त्याच्यापर्यंत हा विमा कधी पोहोचेल?

वर्गणीचा मार्ग सर्वांत जुना, जर्मनीत १८८३ पासूनचा. कामगार आणि मालक मिळून भरतात, त्यामुळे अर्थसंकल्पात दरवर्षी हात पसरावा लागत नाही. पण शेतमजूर, घरकामगार, फेरीवाले यांच्याकडून वर्गणी कोण गोळा करणार? दक्षिण कोरियाने १९७७ मध्ये मोठ्या कंपन्यांपासून सुरुवात करून १९८९ पर्यंत सगळ्यांना सामावून घेतलं. मात्र त्या काळात तिथली अर्थव्यवस्था झपाट्याने वाढत होती आणि स्वयंरोजगारी लोकांच्या विम्यात सरकारने भर घातली होती. हे वगळून कोरियाचा दाखला देणं चुकीचं आहे.

थायलंडने २००२ मध्ये कोणत्याच योजनेत नसलेल्यांचा भार थेट करातून उचलला. सुरुवातीला रुग्णाने एका भेटीला फक्त ३० बात (थायलंडचं चलन) द्यायचे, असा नियम होता. रुग्णालयांना बाह्यरुग्ण सेवेसाठी नोंदणीकृत माणशी ठरावीक रक्कम मिळते, म्हणून बिलं फुगत नाहीत. सरकारने हात आखडला तर रांगा वाढतात, हा या मार्गाचा खरा धोका. आणि थायलंडकडे ग्रामीण सरकारी रुग्णालयांचं जाळं आधीच उभं होतं. ते नसेल तर नुसत्या कार्डाने उपचार मिळत नाहीत.

स्वित्झर्लंड (१९९६) आणि नेदरलँड्स (२००६) यांनी विमा सक्तीचा केला, कंपनी निवडायची मुभा ठेवली. मूलभूत विमा कोणालाही नाकारता येत नाही, कमी उत्पन्नवाल्यांना हप्त्यासाठी मदत मिळते. यासाठी कडक नियामक हवा; तो नसेल तर या वाटेला जाऊच नये.

ऐच्छिक विमा मी पर्यायांत धरतच नाही. निरोगी माणसं बाहेर राहतात, आजारी तेवढी येतात आणि हप्ता चढत जातो.

असंघटित कामगार बहुसंख्य असतील तिथे मी करातून विमा हाच मार्ग निवडेन. बहुतेकांना नियमित पगार असेल तर वर्गणी चालेल, पण उरलेल्यांचा हप्ता पहिल्या दिवसापासून सरकारने भरावा. कोणताही मार्ग निवडा, औषधं आणि बाह्यरुग्ण तपासणी विम्यात आहे का, हे आधी बघा. दीर्घ आजारात घर पोखरतं ते याच खर्चाने.