सिगारेट सोडायला 2 मिलिग्रॅमचा निकोटीन गम: पहिला आठवडा निघतो का? निघतो, पण...

ज्यांना घ्यावा की नको एवढंच बघायचंय त्यांना आधीच सांगतो, घ्या. फक्त चिंगम समजून घेणार असाल तर राहू द्या, कारण चिंगमसारखा कचाकचा चावला की हा गम काहीच कामाचा नाही, उलट उचक्या लागतात आणि माणूस दुसऱ्या दिवशी परत टपरीवर उभा. नावानिशी ब्रँड सांगत नाही, सगळ्यांचं काम एकाच पद्धतीनं चालतं, फरक असला तर चवीत.

मी घेतला तो सोलापुरातल्या आमच्या पूर्वभागातल्याच एका मेडिकलमधून. 2 मिलिग्रॅमवाल्याला डॉक्टरची चिठ्ठी लागत नाही, 4 वाल्याला लागते. दुकानदारानं पट्टी कात्रीनं कापली आणि अर्धी माझ्या हातात दिली, माहितीचा कागद राहिला त्याच्या बॉक्समधेच. विचारलं कसं घ्यायचं तर म्हणतो, "काय नाही ओ मालक, चघळायचं की नुसतं." आता या वस्तूची सगळी किल्ली त्या कागदात आहे आणि गिऱ्हाईकाला मिळते नुसती चंदेरी पट्टी. म्हणून पहिली सूचना हीच, पट्टी कापून घेऊ नका, बॉक्स घ्या, नाहीतर तो कागद मागून घ्या आणि मोबाईलवर फोटो मोठा करून वाचा, अक्षर मुंगीएवढं असतं.

तर पद्धत अशी. गम तोंडात टाकायचा आणि सावकाश, अगदी सावकाश चावायचा. थोड्या वेळात जिभेला मिरं लागल्यासारखं चुणचुणतं, चव एकदम तिखट होते. तिथं थांबायचं. गम गालात दाबायचा, हिरडी आणि गालाच्या मधे, आणि तसाच ठेवायचा. चुणचुण गेली की परत दोन-चार वेळा चावायचं, परत दुसऱ्या गालात. असं अर्धा तास चालतं. कारण निकोटीन अंगात जातं ते तोंडाच्या आतल्या कातडीतून, पोटातून नाही. गिळलेल्या थुंकीबरोबर पोटात गेलं की उचकी, जळजळ, मळमळ, सगळी वरात. आमच्या कारखान्यातल्या एकानं (टॉवेलचा कारखाना, अक्कलकोट रोड एमआयडीसी) जेवल्यावर दोन गम एकदम टाकले आणि चावत बसला, पुढचा अर्धा तास त्याची उचकी लूमच्या आवाजातपण ऐकू येत होती.

दुसरी गोष्ट चहा. गम तोंडात असताना आणि त्याच्या आधी पंधरा मिनिटं चहा, कॉफी, लिंबू सरबत, कोल्ड्रिंक काही नको. आंबट आणि तसल्या पेयांनी तोंडात निकोटीन नीट शोषलं जात नाही. सोलापुरात हे पाळणं म्हणजे परीक्षा आहे, इथं माणूस भेटला की आधी "चला चहा मारू". मी गम आणि चहाच्या वेळाच वेगळ्या केल्या.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, तलफ आल्यावर गम शोधत बसू नका. सिगारेटचा झुरका मारला की दहा-एक सेकंदात निकोटीन मेंदूत पोचतं, गमला वीस-तीस मिनिटं लागतात. त्यामुळं "घेतला बे, काहीच झालं नाही" असं म्हणणारे जे आहेत ते बहुतेक तलफ डोक्यावर चढल्यावर घेतात. तलफेची वेळ आपल्याला माहीत असतेच की, जेवणानंतरची, शिफ्ट सुटतानाची, त्याच्या आधी गालात पाहिजे. सुरुवातीला तास-दोन तासाला एक असा बांधून घ्यायचा, मनाला वाटलं तेव्हा नाही. कंजुषी करून दिवसाला दोन-तीनच घेणारेही फसतात.

आता पहिल्या दिवसांचं. सगळ्यात वाईट दुसरा-तिसरा दिवस, हे पुस्तकातही तेच लिहिलंय आणि माझंही तसंच झालं. गमनं काय होतं तर हात थरथरणं, डोकं धरणं, विनाकारण अंगावर जाणं हे निम्म्यावर येतं. निम्म्यावर म्हणतोय, संपतं म्हणत नाही. घरी पाणी यायच्या दिवशी (आमच्याकडं पाणी रोज येत नाही हे वेगळं सांगायला नको) बायकोनं मोटर लवकर बंद केली एवढ्यावरून मी जे काय बोललो ते इथं लिहीत नाही. झोप मधेच तुटते. खोकला कमी व्हायच्या ऐवजी सुरुवातीला वाढतो, फुफ्फुसं साफसफाईला लागलेली असतात म्हणून, त्याला घाबरू नका. सकाळी सिगारेटशिवाय पोट साफ होत नाही हा प्रकार कुणी मोठ्यानं बोलत नाही पण बऱ्याच जणांना होतो, त्याला गमचा उपयोग शून्य, केळी आणि गरम पाणी.

एक गोष्ट मला नवीन कळली. सिगारेटच्या धुरानं शरीर चहा-कॉफीतलं कॅफिन भराभर संपवत असतं, सिगारेट बंद झाली की तोच चहा अंगात जास्त वेळ राहतो. म्हणजे आधी जेवढे कप पचायचे तेवढेच आता प्यायलात तर छातीत धडधड, रात्री टक्क जागे, आणि दोष मात्र सिगारेट सोडल्याला. कप निम्मे केले तेव्हा कुठं झोप लागायला लागली.

हाताची सवय मात्र गम सोडवत नाही. टपरीवर चौघं उभे आहेत, तिघांच्या बोटात आहे, आपला हात मोकळा, त्याचं करायचं काय? मी खिशात भाजलेल्या शेंगा ठेवायला लागलो, एकेक फोडत उभं राहायचं. तलफेची लाट चार-पाच मिनिटांची असते, तेवढ्यात मूठभर शेंगा होतात. बडीशेप चालते, लवंग चालते, पण शेंगेला हाताला काम आहे.

आमच्या गल्लीत तर अजून एक गंमत. पूर्वभागात दर दोन घरं सोडून बायका विड्या वळत बसलेल्या, मांडीवर सूप, सुपात तेंदूची पानं आणि तंबाखू, दुपारी सगळ्या बोळात त्याचाच वास. दोन-तीन दिवसांनी नाक उघडलं आणि इतकी वर्षं न जाणवलेला तो वास एकदम अंगावर आला, गम गालात असतानापण पाय जड झाले. शेजारच्या अक्कांना कळलं तर सुपातनं डोकं वर न काढता म्हणाल्या, "काय ओ, आमचं गिऱ्हाईक तोडालाव की तुम्ही." मी म्हटलं अक्का मी सिगारेटवाला, विडीवाला नाही. "मग सोडा की बिनघोर," म्हणाल्या.

गमच्या जोडीला एक फोन करा, 1800-11-2356. पाकिटावर त्या भयानक फोटोखाली हाच नंबर छापलेला असतो, आपण रोज बघतो पण वाचत नाही. सरकारी आहे, 2016 पासून चालू आहे, फुकट आहे, मराठीत बोलता येतं. मला वाटलेलं रेकॉर्ड केलेलं भाषण ऐकवतील, पण बोलणारी बाई नीट होती, किती ओढता, उठल्यावर पहिली कधी, कुणाबरोबर ओढता असं विचारून सोडायची तारीख ठरवायला लावली आणि नंतर त्यांचाच फोन परत आला. उपदेश नाही, कॅन्सरची भीती नाही. उठल्या उठल्या अर्ध्या तासाच्या आत पहिली लागते का, हा प्रश्न त्यांनी का विचारला ते नंतर समजलं, तसं असेल तर 2 मिलिग्रॅम कमी पडतो आणि 4 वाला लागू शकतो, त्याला डॉक्टर गाठावा लागतो.

आता तक्रारी. चव. मिंट सांगतात पण मिंट वर-वरचं, खाली तंबाखूचा कडवटपणा आहेच, पहिले दोन दिवस तोंड वाकडं होतं. पानाच्या चवीचापण मिळतो, तो मला मिंटपेक्षा बरा वाटला. जबडा दुखतो, आणि कडक भाकरी-शेंगाचटणीवर वाढलेल्या माणसाला सांगतो, गम आणि कडक भाकरी एका दिवसात झेपत नाही, त्या आठवड्यात भाकरी आमटीत कुस्करूनच खा. कवळी असेल तर गम चिकटतो, मग पॅचचं (कातडीवर चिकटवायची निकोटीनची पट्टी) विचारा. नुकताच हार्टचा त्रास होऊन गेलाय किंवा घरात कुणी गरोदर आहे आणि तिला सोडायचीय, तर मेडिकलवाल्याच्या भरवशावर न राहता डॉक्टरलाच विचारा.

पैशाचं म्हणाल तर एक गम एका सिगारेटपेक्षा महाग पडत नाही, आणि सिगारेटसारखा जन्मभर घ्यायचा नाही, तीनेक महिन्यांत कमी करत करत बंद करायचा असतो. नुसत्या मनाच्या जोरावर सोडणाऱ्यांपेक्षा गम किंवा पॅच घेऊन सोडणाऱ्यांना यश साधारण दीडपट मिळतं असं अभ्यासात दिसलंय. दीडपट म्हणजे खात्री नाही, पण मला तेवढं पुरलं.

पट्टी पोरांपासून लांब ठेवा हे मात्र नक्की. दिसतो चिंगमसारखा, आत निकोटीन आहे, लहान पोरानं खाल्ला तर विषबाधा होते, चघळून झालेलापण कागदात गुंडाळूनच कचऱ्यात टाका. आमच्याकडं पुतण्याचा हात पोचत नाही अशी जागा एकच, देव्हाऱ्याच्या वरची फळी, आणि आई रोज विचारते की हे कसलं औषध देवाच्या डोक्यावर नेऊन ठेवलंस.