बेस गिटारचा पिकअप: बदलायचा, दुरुस्त करायचा, की नुसता स्क्रू फिरवायचा?

बेसचा आवाज मनासारखा येईना की पहिला संशय पिकअपवर. (पिकअप म्हणजे चुंबक आणि त्याभोवती बारीक तारेची गुंडाळी, म्हणजे कॉइल; तारेच्या कंपनाचा विजेचा सिग्नल तिथे होतो.) बिचारा तारांखाली समोरच दिसतो, बाकीचा सगळा संसार झाकणाआड. मीही असाच फसलोय. माझ्या जॅझ बेसचा (फेंडर कंपनीचं एक मॉडेल) ब्रिजकडचा, म्हणजे तारा बॉडीवर जिथे अडकतात त्या टोकाकडचा पिकअप वाजवता वाजवता मधूनच गायब व्हायचा. नवा आणला, सोल्डर करून बसवला, तर दुसऱ्या दिवशी तोही गायब. दोष होता व्हॉल्यूमच्या पॉटमध्ये, म्हणजे बटणाखालच्या फिरत्या रोधकात. तेव्हापासून माझा क्रम ठरलेला आहे: आधी पिकअपची उंची, मग तारा, मग पॉट आणि जॅक, मग रोध मोजणारा मीटर, आणि खरेदी सगळ्यात शेवटी. खालची तुलनाही त्याच नजरेने केलेली आहे.

विकत न मिळणारी गोष्ट: जागा

पिकअप तारेच्या कुठल्या बिंदूखाली आहे यावर आवाजाचा मोठा भाग ठरतो. ब्रिजजवळ तार ताठ असते, तिथे आवाज आवळलेला आणि धारदार. मानेकडे सरकाल तसा तो गोल आणि जड होतो. १९७० च्या दशकात फेंडरने जॅझ बेसचा मागचा पिकअप ब्रिजच्या थोडा आणखी जवळ नेला. सरकला अगदी थोडा, पण साठच्या आणि सत्तरच्या दशकातल्या जॅझमधला फरक सांगताना लोक आजही या अंतराचा विषय काढतात.

म्हणजे फेंडरच्याच प्रिसिजन बेसच्या खाचेत कितीही भारी पिकअप बसवा, तो प्रिसिजनच्या जागेवरूनच ऐकणार. तुमची तक्रार 'मला म्युझिक मॅनच्या स्टिंगरे बेससारखा आवाज हवा' अशी असेल, तर पिकअप बदलून अर्धीच भागेल. तक्रार 'हम (विजेची घरघर) फार आहे', 'सूर चिखलासारखा येतो' किंवा 'एक तार दबते' अशी असेल, तर मात्र हातात करण्यासारखं पुष्कळ आहे.

प्रिसिजन, जॅझ, हमबकर

प्रिसिजन बेस १९५१ साली आला तेव्हा त्याला एकच साधी कॉइल होती. आज आपण 'पी' म्हणून ओळखतो तो दोन तुकड्यांचा पिकअप १९५७ चा. एक तुकडा जाड दोन तारांखाली, दुसरा बारीक दोन तारांखाली. दोन्हींचे चुंबक आणि वेढे एकमेकांच्या उलट, त्यामुळे वीजवाहिन्यांतून येणारा हम आपोआप कटतो आणि तारेचा आवाज शाबूत राहतो. इतकी साधी आणि इतकी चोख युक्ती क्वचित सापडते. आवाज मध्यम पट्टीत भरलेला. बँडच्या गर्दीत तो ऐकू येण्यासाठी धडपडावं लागत नाही. बदली करायलाही हाच सर्वांत सोपा.

जॅझ बेस १९६० चा. दोन लांबट सिंगल कॉइल (एकाच गुंडाळीचे) पिकअप, प्रत्येकाचा स्वतंत्र व्हॉल्यूम. दोन्ही पूर्ण उघडे असले की मधला पट्टा थोडा खोल जातो, वरचा भाग चमकतो आणि हमही कटतो, कारण दोघं एकमेकांच्या उलट गुंडाळलेले असतात. एकाचा व्हॉल्यूम जरा खाली घेतला की हम परत हजर. मागच्या पिकअपवर एकट्याने सोलो वाजवणाऱ्याला हे रोजचं दुखणं. त्यासाठी हम कापणारे जॅझ पिकअप मिळतात: काही एकावर एक कॉइल रचलेले, काही पी सारखेच आतून दुभागलेले, जसा डिमार्झिओ कंपनीचा 'मॉडेल जे'. माझ्या कानाला दुभागलेले जास्त जिवंत वाटतात. रचलेल्यांत वरचा श्वास थोडा कोंडतो. घरी शांतपणे वाजवणाऱ्याला साधी सिंगल कॉइल पुरते. दिव्यांचे डिमर आणि जुनाट वायरिंग असलेल्या मंचावर वरचेवर जाणाऱ्याने मात्र हम कापणाराच घ्यावा, आणि स्वराच्या त्या शेवटच्या बारकाव्याचं दुःख करू नये.

म्युझिक मॅनचा स्टिंगरे १९७६ चा: एक मोठा हमबकर (दोन कॉइलचा, हम कापणारा पिकअप) आणि सोबत बॅटरीवर चालणारा प्रीॲम्प, म्हणजे सिग्नल बेसच्या आतच वाढवणारं सर्किट. बोटांनी ओढलेल्या, अंगठ्याने मारलेल्या तारेचा कडकडाट त्यात छान येतो. पण त्या आवाजात प्रीॲम्पचा वाटा पिकअपइतकाच आहे, हे विसरून नुसता पिकअप बदलणारे नेहमी भेटतात.

'पी' आणि 'जे' (जॅझचा) पिकअप एकत्र असलेल्या बेसवाल्यांसाठी एवढंच: पी मुळातच बिनहमचा. त्याच्या शेजारी साधा सिंगल कॉइल 'जे' बसवला तर दोन्ही उघडे असतानाही 'जे' चा हम कापायला कुणी नसतं. इथे 'जे' पिकअप हम कापणाराच घ्या. दोघांच्या ताकदीतही फार तफावत नको, नाहीतर मागचा व्हॉल्यूम नुसता शोभेला उरतो.

पॅसिव्ह की ॲक्टिव्ह

पॅसिव्ह म्हणजे बिनबॅटरीचा, ॲक्टिव्ह म्हणजे बॅटरीवर चालणारा. इथे दोन वेगळ्या गोष्टींची नेहमी गल्लत होते. पॅसिव्ह पिकअप आणि पुढे बॅटरीचा प्रीॲम्प, ही एक मांडणी. पिकअपच्या पोटातच प्रीॲम्प, ही दुसरी. ईएमजी कंपनीचे बहुतेक पिकअप दुसऱ्या प्रकारचे. त्यांना २५ किलोओहमचे पॉट लागतात, पॅसिव्हला २५० चे, काही हमबकरला ५०० चे. म्हणून एक ॲक्टिव्ह आणि एक पॅसिव्ह अशी जोडी एकाच बेसवर जमत नाही. जमवायला गेलात तर एक दुसऱ्याला खातो.

ॲक्टिव्ह पिकअप शांत असतात. लांब केबलने वरचा भाग मरत नाही. रेकॉर्डिंगला सरळ जोडले तरी एकसारखा आवाज देतात. बदल्यात ९ व्होल्टची बॅटरी, तिच्यासाठी पोकळीत जागा आणि तीन टोकांचा जॅक लागतो. केबल जॅकमध्ये राहिली तर वाजवत नसतानाही बॅटरी उतरते. बॅटरी संपत आली की आवाज फाटतो, आणि लोक पिकअप गेला म्हणून शोक करतात. ज्यांना व्हॉल्यूम जरा खाली घेतल्यावर आवाज मऊ व्हायला हवा असतो, बोटांच्या ताकदीने रंग बदलायला आवडतो, त्यांनी पॅसिव्हच ठेवावा. मी पॅसिव्हवाला आहे, तेव्हा माझा कल ओळखून वाचा.

किलोओहमचा आकडा

किलोओहम म्हणजे पिकअपच्या कॉइलच्या रोधाचं माप. 'जास्त किलोओहम म्हणजे जास्त दमदार' हे अर्धसत्य आहे. कॉइलची तार तीच, बनावट तीच, असे दोन पिकअप असतील तरच तुलना खरी. तार बारीक वापरली की तेवढ्याच वेढ्यांत आकडा फुगतो. जुन्या धाटणीचा पी साधारण १० ते ११ किलोओहम आणि जॅझ ७ ते ८, हा आकडा मी दोष शोधायला वापरतो, आवाजाची निवड करायला नाही.

चुंबकांबद्दल थोडक्यात. अल्निको ५ (मिश्रधातूचा चुंबक) म्हणजे ओळखीचा जुना आवाज, अल्निको २ त्याहून मऊ. सिरॅमिक बहुधा जोरकस आणि कणखर. पण कॉइल कशी गुंडाळली आहे यावर इतकं अवलंबून असतं की नुसतं 'सिरॅमिक' वाचून घेऊ नका किंवा टाळू नका. सेमूर डंकन कंपनीचा 'क्वार्टर पाउंड' पिकअप जाड चुंबकांमुळे दणदणीत आहे. ॲम्प आधीच फाटत असेल तर तोच अडचण होईल.

घेण्याआधी मोजा

पी चं माप बहुतेक चार तारांच्या बेसवर जुळतं, पाच तारांच्या बेसवर हमी नाही. जॅझमध्ये मानेकडचा पिकअप सुमारे ९२ मिलिमीटर लांब, ब्रिजकडचा तीनेक मिलिमीटर जास्त. पण काही कंपन्या दोन्ही सारख्याच लांबीचे बसवतात. नवा पिकअप खाचेत मावला नाही की लोक लाकूड तासायला घेतात, आणि तासलेलं लाकूड परत येत नाही. सोपबार म्हणजे चौकोनी साबणाच्या वडीसारखे, त्यांची मापं तर आणखी बेभरवशाची. लांबी, रुंदी, खोली, स्क्रूचं अंतर आणि तारा पिकअपवरून जातात तिथली पहिल्या ते शेवटच्या तारेची रुंदी, एवढं कागदावर लिहून मगच मागवा.

जॅझचे दोन पिकअप शक्यतो जोडीनेच घ्या. वेगवेगळ्या घरचे घेतले तर कधी हम कटत नाही, कधी फेज उलटी बसते, म्हणजे दोघांचे सिग्नल एकमेकांना कापतात. फेज उलटी असेल तर एकेकटे छान वाजतात, दोन्ही उघडले की खालचा जड आवाजच नाहीसा होतो आणि नाकातून बोलल्यासारखा आवाज येतो. उपाय सोपा: एका पिकअपच्या दोन वायरींची अदलाबदल. चार वायरींच्या पिकअपमध्ये रंगांवर मात्र भरवसा ठेवू नका. सेमूर डंकनची काळी वायर गरम टोकाची, म्हणजे सिग्नल बाहेर नेणारी, डिमार्झिओची लाल. डिमार्झिओमध्ये काळी पांढरीला जोडायची असते. नकाशा कंपनीचाच बघा.

बिनखर्चाचे प्रयोग

शेवटच्या फ्रेटवर तार दाबून पिकअपपर्यंतचं अंतर बघा. अडीच-तीन मिलिमीटरपासून सुरुवात करा आणि कानाने पुढे जा. फार जवळ असेल तर चुंबक तारेला ओढतो, मानेच्या वरच्या सुरांत आवाज डगमगतो. जाड तारांकडची बाजू थोडी खाली ठेवली की त्या बाकीच्यांना दाबत नाहीत. पिकअप वर येतच नसेल तर खालचा स्पंज बघा. जुना होऊन त्याचा भुगा झालेला असतो.

आवाज चिखलासारखा असेल तर आधी नव्या तारा लावा. तरीही बंद वाटला तर २५० चा पॉट काढून ५०० चा लावून बघा, वरचा भाग उघडतो. जॅझवाल्यांनी दोन पिकअप पॅरललऐवजी (शेजारी-शेजारी) सिरीजमध्ये (एकामागून एक) घेणारा स्विच बसवून बघावा. आवाज मोठा, मध्यम पट्टीत दाट होतो, पी च्या अंगाने जातो. नवा पिकअप घेऊन जे मिळवायचं होतं त्यातलं बरंच काही एका ओढ-ढकल पॉटवर (ओढला की स्विचसारखा चालणारा) मिळून जातं.

दुरुस्त की बदली

पॅसिव्ह बेस असेल तर झाकण न उघडता केबल लावा, व्हॉल्यूम आणि टोन पूर्ण ठेवा आणि केबलच्या दुसऱ्या टोकाशी मीटर धरा. पी असेल तर १० च्या आसपास यायला हवा. जॅझमध्ये दोन्ही उघडे असतील तर एका पिकअपच्या साधारण निम्मा, कारण ते पॅरललमध्ये असतात. एकाला शून्यावर नेऊन दुसरा मोजा. पिकअपच्या कॉइलची तार तुटली असेल तर आकडा अनंत होत नाही, शंभर-अडीचशे किलोओहमच्या घरात जातो. मीटरला तेव्हा फक्त पॉट दिसत असतो. हे माहीत नसल्यामुळे 'रीडिंग येतंय म्हणजे पिकअप ठीक' असा घोळ होतो.

पी चे दोन तुकडे सिरीजमध्ये असतात. एकाची कॉइल तुटली तर चारही तारा गप्प होतात, फार तर किरकिरी कुजबुज उरते. फक्त दोन तारा गेल्या असतील तर त्या तुकड्यात शॉर्ट आहे. वाजतो नीट पण हम येतो असा पी असेल, तर कुणीतरी एका तुकड्याच्या वायरी उलट जोडल्या आहेत. प्रत्येक तार एकाच तुकड्यावरून जाते, म्हणून स्वरात काही कळत नाही. हम मात्र कटण्याऐवजी वाढतो.

कॉइलची तार तुटते ती बहुधा बाहेरच्या वायरीला जिथे सोल्डर केलेली असते तिथेच. सुटं टोक सापडलं तर बारीक टोकाच्या सोल्डरिंग आयर्नने, एका श्वासात, परत जोडता येतं. ही तार केसाइतकी किंवा त्याहून बारीक असते, वेढे आठ-दहा हजारांच्या घरात, त्यामुळे आतून तुटली तर घरचा उपाय नाही, रिवाइंडिंगच, म्हणजे कॉइल नव्याने गुंडाळणं. जुन्या, मूळच्या बेसला रिवाइंडिंग शोभतं. साध्या बेससाठी नवा पिकअप हाच व्यवहार. ईएमजी, बार्टोलिनी यांच्यासारखे रेझिनमध्ये बंद केलेले पिकअप उघडायच्या भानगडीत पडू नका.

जुन्या धाटणीच्या पिकअपमध्ये कॉइलची तार थेट चुंबकांवर गुंडाळलेली असते. बेसची एक तार मोठी वाजते म्हणून चुंबक दाबून खाली सरकवायचा मोह होतो. तो सरकतो, आणि आतली तार घेऊनच सरकतो. मी असे मेलेले दोन पिकअप हाताळलेत. एकालाही त्याआधी काही झालेलं नव्हतं.

मोठ्या आवाजात शिट्टी फुटत असेल आणि नखाने टिचकी मारली तर ॲम्पमधून टकटक ऐकू येत असेल, तर कॉइल सैल आहे. पॅराफिनमध्ये थोडं मधमाशांचं मेण घालून त्यात बुडवतात, मेण ६५ अंशांच्या आसपास, गरम पाण्यावर ठेवलेल्या भांड्यात. थेट आचेवर कधीच नको, मेण पेट घेतं. जास्त तापलं तर प्लास्टिकची चौकटही वाकते.

तारांना हात लावल्यावर खरखर कमी होत असेल तर ग्राउंड ठीक आहे, पोकळीला तांब्याची पट्टी लावून ती आणखी कमी होईल. हात लावल्यावर वाढत असेल तर कुठेतरी वायरी उलट आहेत. सिंगल कॉइलचा ५० किंवा ६० हर्ट्झचा चुंबकीय हम मात्र तांब्याच्या पट्टीने जात नाही. पट्टी लावून निराश झालेले लोक मग पिकअपला शिव्या घालतात.

जुना पिकअप काढताना त्याच्या वायरी पॉटपाशी सोडवा, मध्येच कापू नका. झाकण उघडल्याबरोबर मोबाइलवर फोटो काढा, आणि काढलेल्या पिकअपवर चिकटपट्टी लावून 'नेक' की 'ब्रिज' ते लिहून ठेवा. नवा आवडला नाही तर जुना परत लावायला अर्धा तास पुरतो.