चार्टरव्हिलच्या कॉटेजच्या नावावर ८२५ पौंड गेले

इंग्लंडच्या ऑक्सफर्डशायरमधल्या चार्टरव्हिल वस्तीतलं ‘ऐतिहासिक चार्टिस्ट कॉटेज’ सुट्टीसाठी भाड्याने, अशी जाहिरात दिसली तर एक पैसाही पाठवू नका. आमचे भाड्याचे ४८०, डिपॉझिटचे २५० आणि ‘जुन्या वास्तूचा विमा’ म्हणून ९५, असे ८२५ पौंड बुडाले.

हेच घर कशाला, असं विचारणाऱ्यांना सांगते. माझे बाबा गिरणी कामगार. ब्याऐंशीच्या संपानंतर काम सुटलं ते सुटलंच, घरांच्या सोडतीत अजून नंबर नाही. १८४० च्या दशकात चार्टिस्टांच्या, म्हणजे कामगारांच्या मतदानाच्या हक्कासाठी लढणाऱ्या चळवळीच्या, फर्गस ओ’कॉनर या नेत्याने इंग्लंडमधल्या कामगारांचे थोडेथोडे पैसे गोळा करून जमिनी घेतल्या, दोन ते चार एकरांच्या तुकड्यांवर घरं बांधली आणि बहुतेक सोडत काढूनच वाटली. सभासद सत्तर हजारांच्या घरात, घरं मिळाली जेमतेम अडीचशे जणांना. हे ऐकल्यापासून बाबांना त्यातलं एक घर आतून बघायचं होतं. जाहिरात देणाऱ्या त्या मेल्याला मी हे फोनवर सांगितलं आणि त्याने तेच धरून ठेवलं.

फोटोत जिना होता. ओ’कॉनरची घरं बैठी! मी लगेच विचारलं, तर म्हणाला, मजला नंतर चढवलाय. तिथल्या कितीतरी घरांना वाढीव बांधकाम झालंय, मग संशय कुणाला येणार? पण तो जिना रात्री झोपू देत नाही.

पोचलो तर घरात एक आजी राहतात. त्यांनी घर कधी भाड्याने दिलेलंच नाही. बाबा बॅगा घेऊन रस्त्यावर उभे, आणि मी त्या परक्या बाईची माफी मागतेय.

बँक म्हणते, पैसे ब्रिटनबाहेरच्या खात्यात गेले, फसवणुकीत गेलेले पैसे बँकेने परत द्यायचा ऑक्टोबर २०२४ चा नियम ब्रिटनमधल्या व्यवहारांनाच. मग पाठवताना का नाही अडवलं? पोलीस म्हणाले, ऑनलाइन तक्रार करा. केली. नंबर मिळाला, मग पत्र आलं की तपास होणार नाही. जाहिरातवाले म्हणतात, व्यवहार आमच्या साइटबाहेर झाला. जाहिरात मात्र तुमच्याच साइटवर होती ना? खातेक्रमांक, फोन नंबर, सगळं हातात आयतं दिलंय, तरी कुणी हलत नाही.

१०० पौंडांच्या वरचं बुकिंग क्रेडिट कार्डानेच करा. घरमालकाचं नाव इंग्लंडच्या जमीन नोंदणी कार्यालयाच्या साइटवर ७ पौंडांत कळतं. ‘कार्ड चालत नाही’ म्हणाला की फोन ठेवा.

जाहिरात परत लागली आहे, यावेळी गाव ग्लॉस्टरशायरमधलं स्निग्ज एंड. फोटो तेच आहेत. दिसली तर रिपोर्ट करा.