रत्नागिरीतलं गेमिंग कॅफे: इथे सराव चालतो
मुलाला सोडायला गेलो आणि तिथेच थांबलो. पाच पोरं हेडफोन लावून एकमेकांना सूचना देत होती. डाव गेल्यावर कर्णधाराने रेकॉर्डिंग लावून प्रत्येकाची चूक दाखवली. मी कबड्डी खेळलेला माणूस. चढाईआधीची नजर ओळखतो. हा खेळच आहे! कबड्डीसुद्धा आशियाई स्पर्धेत 1982 ला दिल्लीत प्रात्यक्षिक म्हणून आली, पदक 1990 ला बीजिंगमध्ये. ई-स्पोर्ट्सचंही, म्हणजे व्हिडिओ गेमच्या स्पर्धांचंही, तसंच: 2018 ला जकार्तात प्रात्यक्षिक, 2023 ला हांगझोत पदकं.

संगणक वेगवान, खुर्च्या पाठीला आधार देणाऱ्या. पण पावसात वीज गेली की इन्व्हर्टरवर फक्त दिवे चालतात, चालू सामना बुडतो. मालकांनी यूपीएस बसवावाच, आणि तोवर त्या वेळेचे पैसे घेऊ नयेत.