वीस किलोचा घरगुती डंबेल संच: वजन भरपूर, पायऱ्या अपुऱ्या

ऑनलाइन दुकानांत ‘होम जिम’ या नावाने सर्रास विकला जाणारा वीस किलोचा संच गेल्या पावसाळ्यापासून आमच्या घरी वापरात आहे. दोन आखूड रॉड, दोन किलोच्या चार आणि तीन किलोच्या चार प्लेट, चार नट, शिवाय भरीला हातमोजे, उड्या मारायची दोरी आणि मूठ आवळण्याचा स्प्रिंग, एवढे सामान दीड हजारांच्या आसपास मिळाले. घेतले ते दंड फुगवण्यासाठी नव्हे. मी आणि माझे यजमान दोघेही पन्नाशीच्या आत-बाहेर आहोत, रोजचे चालणे होते. पण तांदळाची गोणी उचलताना कंबर आणि जिना चढताना गुडघे कुरकुरू लागले होते. तिशीनंतर स्नायू हळूहळू घटत जातात आणि ही घट नुसत्या चालण्याने भरून निघत नाही. म्हणूनच जागतिक आरोग्य संघटनेच्या 2020 च्या मार्गदर्शक सूचनांत चालण्यासारख्या व्यायामाव्यतिरिक्त आठवड्यातून किमान दोन दिवस सर्व प्रमुख स्नायूंना ताकदीचा व्यायाम द्यावा, असे सांगितले आहे.

प्लेट बाहेरून प्लास्टिकच्या आणि आतून सिमेंटच्या मिश्रणाने भरलेल्या आहेत. सिमेंट लोखंडापेक्षा बरेच हलके असल्यामुळे तेवढ्याच वजनासाठी प्लेट जाड करावी लागते, आणि दोन्ही बाजूंना दोन-दोन प्लेट चढवल्या की नटापुरतीच जागा उरते. खोके उघडल्यावर प्लास्टिकचा उग्र वास आला, तो गॅलरीत ठेवल्यावर दोन-तीन दिवसांत गेला. एका प्लेटची कडेची शिवण उकलून लादीवर राखाडी भुकटी सांडू लागली, तेव्हा एम-सील लावून ती बुजवली. ती अजून टिकून आहे. या किमतीत एवढे चालायचेच. हातमोजे मात्र महिनाभरही टिकले नाहीत, आणि स्प्रिंगविषयी लिहावे असे काही नाही.

या संचाची खरी उणीव वजनाच्या पायऱ्यांत आहे. डंबेलच्या दोन्ही टोकांना सारखेच वजन लागते. त्यामुळे जोडी वापरायची तर रॉडचे वजन वगळून प्रत्येक हाताला चार किलो, सहा किलो आणि मग एकदम दहा किलो एवढेच पर्याय उरतात. ताकद वाढते ती भार थोडा-थोडा वाढवत नेल्याने. छातीशी वजन धरून बैठका काढताना किंवा वाकून वजन पोटाकडे ओढताना सहावरून दहावर जाणे जमून जाते, कारण मांड्या आणि पाठ मुळातच दणकट असतात. पण डोक्यावर वजन नेताना सहा किलो दहा वेळा सहज उचलणाऱ्या खांद्याला दहा किलो एकदाही नीट पेलत नाही, आणि नेमका इथेच उत्साही माणूस खांदा दुखावून घेतो. यावर उपाय स्वस्त आहे. खेळाच्या सामानाच्या दुकानातून अर्ध्या किलोच्या चार आणि एक किलोच्या चार सुट्या प्लेट आणल्या, की चारपासून दहापर्यंत प्रत्येक किलोची पायरी मिळते. भोकांचे माप सगळीकडे सारखे नसते, म्हणून दुकानात जाताना रॉड सोबत न्यावा.

नटांकडेही लक्ष ठेवावे लागते. हात वर-खाली होत असताना आटे हळूहळू सैल होतात आणि प्लेटची बारीक खडखड ऐकू येऊ लागते. ती ऐकू आली की वजन लगेच खाली ठेवून नट पुन्हा आवळावा, उरलेले दोन-चार हात पुरे करण्याच्या फंदात पडू नये.

सोबतच्या छापील तक्त्यात आठवड्याचे सहा दिवस व्यायाम आखून दिला आहे: एक दिवस छाती, एक दिवस पाठ, एक दिवस नुसते दंड. नोकरी आणि घर सांभाळणाऱ्या नवख्या माणसासाठी हा तक्ता मला निरुपयोगी वाटतो. व्यायामाने स्नायूंना धक्का बसतो आणि त्यांची बांधणी पुढच्या एक-दोन दिवसांच्या विश्रांतीत होते, म्हणून आम्ही एक दिवसाआड, आठवड्यातून तीनदा, सगळ्या शरीराचा व्यायाम करतो. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मांड्या ठणकणे स्वाभाविक आहे आणि अशा दिवशी हलके चालणे बरे वाटते; पण सांध्यात कळ आली तर तो व्यायाम थांबवावा. रक्तदाब असलेल्यांनी वजन उचलताना श्वास कोंडून धरू नये, ही साधी सूचना तक्त्यात कुठेही नाही.

त्याच कागदाच्या पाठीमागे प्रोटीन पावडरीची जाहिरात आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या शिफारशीनुसार प्रौढ माणसाला शरीराच्या दर किलो वजनामागे दिवसाला 0.83 ग्रॅम प्रथिने पुरतात, म्हणजे साठ किलोच्या माणसाला सुमारे पन्नास ग्रॅम. वजने उचलणाऱ्याने याहून थोडी अधिक घ्यायची म्हटली, तरी दोन अंड्यांतून बारा ग्रॅम मिळतात, आणि वरण, मटकीची उसळ, दही, पनीर यांची ताटात रोज आठवण ठेवली तर डबा विकत घ्यायची गरज आम्हाला तरी भासली नाही. सात तासांची झोप मात्र रोज हवी. ती बुडाली की दुसऱ्या दिवशी नेहमीचे सहा किलो आठासारखे वाटतात.

ज्यांनी पूर्वी व्यायामशाळेत वजने उचलली आहेत त्यांना हा संच काही महिन्यांतच अपुरा पडेल; त्यांनी थेट लोखंडी प्लेट घ्याव्यात. नवख्यांनी तो खुशाल घ्यावा, फक्त सुट्या प्लेटचे पाच-सातशे रुपये पहिल्या दिवसापासून हिशेबात धरावेत आणि खोके लगेच न टाकता आधी सगळ्या प्लेट काट्यावर तोलून पाहाव्यात. आमची तीन किलोची एक प्लेट दीडशे ग्रॅमने कमी भरली, आणि ते लक्षात येईपर्यंत परत करण्याची मुदत टळून गेली होती.