दोन दिवसांत गुडघे मोकळे करणाऱ्या कॅप्सूल

गोव्यात साखळी, डिचोली, सत्तरी या भागात कुणाच्या घरी गुडघेदुखीवरच्या ‘शंभर टक्के हर्बल’ कॅप्सूल बरेच आठवडे चालू असतील आणि त्या घेतल्यापासून दुखणं जादू व्हावी तसं गेलं असेल, तर डबी उचला आणि आजच डॉक्टरकडे जा. पण डॉक्टरला विचारल्याशिवाय कॅप्सूल एकदम बंद करू नका. हे वाचायला उलटं वाटेल, पण आमच्या आईच्या जिवावर बेतलं ते कॅप्सूल संपल्यावर.

आई पंचाहत्तरीची आहे. दोन्ही गुडघे झिजलेले, बीपीची गोळी कित्येक वर्षं चालू, साखर काठावरची. गेल्या वर्षी मे महिन्यात आमच्या वाड्यावरच्या देवळाच्या सभागृहात ‘मोफत आरोग्य तपासणी’ भरली. पांढरे कोट घातलेली दोन माणसं, एक लॅपटॉप, एक प्रिंटर. हातात धातूची दांडी धरायची, तिची वायर यंत्राला जोडलेली, आणि थोड्याच वेळात पानंच्या पानं छापून बाहेर येतात: यकृत, मूत्रपिंड, हाडांतलं कॅल्शियम, सांध्यांतलं वंगण, शरीरातली विषद्रव्यं. या यंत्राला ते ‘क्वांटम ॲनालायझर’ म्हणतात. तळहातात दांडी धरून यातलं काहीही मोजता येत नाही. रक्तातलं कॅल्शियम कळायला रक्तच काढावं लागतं, हाडांची घनता पाहायला डेक्सा स्कॅन करावा लागतो. मी नंतर शेजारच्या घरांतले कागद मागून घेतले आणि आईच्या कागदाला लावून पाहिले. सगळ्यांचं कॅल्शियम कमी, सगळ्यांचं कोलाजेन कमी, आणि सगळ्यांना सांगितलेला उपाय एकच. १,८५० रुपयांची डबी, महिनाभराची.

विकायला बाहेरचा माणूस असता तर आईने दारातूनच परत पाठवला असता. पण डबी घेऊन यायची ती वाड्यावरचीच एक मुलगी, जिला सगळे लहानपणापासून ओळखतात. तिला ‘हेल्थ ॲडव्हायजर’ करण्यासाठी कंपनीने तिच्याकडूनच पंधरा हजार भरून घेतले होते. तिच्यावर माझा राग नाही, तीही बुडाली. २०२१ च्या डायरेक्ट सेलिंगच्या नियमांनुसार सामील होण्यासाठी पैसे घेता येत नाहीत, आणि घरी येणाऱ्या विक्रेत्याजवळ ओळखपत्र लागतं. हे तिला कुणी सांगितलं नव्हतं, आणि ज्यांना माहीत होतं त्यांना ते लपवायचंच होतं.

कॅप्सूल सुरू केल्या आणि दुसऱ्या दिवशीच आई देवळाच्या पायऱ्या कठडा न धरता चढली. आठवड्याभरात मांडी घालून बसायला लागली. चवथीला तिने स्वतः नेवऱ्या केल्या, गणपतीवरची फळापानांची माटोळी बांधताना पोरांना सूचना दिल्या, रात्रीच्या आरत्यांना उभी राहिली. कितीतरी वर्षांनी तिला तसं पाहून आम्हा सगळ्यांना आनंदच झाला. तिला पाहून वाड्यावरच्या आणखी बायकांनी डब्या घेतल्या.

गुण इतक्या लवकर येणं, हीच खरी धोक्याची खूण होती. झिजलेल्या गुडघ्याची वेदना दोन दिवसांत घालवील असं कुठलंही कॅल्शियम नाही, कोलाजेन नाही आणि हळदही नाही. ग्लुकोसामाइनसारख्या गोष्टींचा उपयोग झालाच तर तो काही आठवड्यांनी जाणवतो, आणि तो होतो का याबद्दल डॉक्टरांमध्येच एकमत नाही. दोन दिवसांत असं काम करतं ते स्टेरॉइड किंवा जोरदार वेदनाशामक. ‘नैसर्गिक’ म्हणून विकल्या जाणाऱ्या सांधेदुखीच्या कॅप्सूलमध्ये ही औषधं गुपचूप मिसळण्याचा प्रकार जगभर चालतो. अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या अन्न व औषध प्रशासनाने, २०२२ मध्ये ‘आर्त्री किंग’ नावाच्या सांधेदुखीवरच्या सप्लिमेंटबद्दल लोकांना सावध केलं. त्यात डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड आणि डायक्लोफिनॅक हे वेदनाशामक सापडलं होतं, आणि लेबलवर दोन्हींचा उल्लेख नव्हता.

चवथीनंतर आईचा चेहरा भरला. पाहुणे म्हणायचे, तब्येत छान झाली. मग साखर वाढली, बीपी वाढलं. हातांवर जांभळे डाग उठायला लागले, नुसतं पिशवीचा बंद लागला तरी. डॉक्टरांनी गोळ्या वाढवल्या आणि विचारलं, “माई, दुसरं काही औषध घेता का?” आई म्हणाली, नाही. ती खोटं बोलत नव्हती. डबी देताना तिला बजावून सांगितलं होतं, “हे औषध नव्हे, हा आहार आहे, डॉक्टरला सांगायची गरज नाही.” मला विचाराल तर सगळ्या फसवणुकीत हे एक वाक्य सर्वांत घातक. त्याच्यामुळे ज्या माणसाच्या ते लक्षात आलं असतं, त्याच्यापर्यंत गोष्ट पोचलीच नाही.

दिवाळीनंतर माल यायचा थांबला. कंपनीचा फोन लागेना, त्या मुलीकडे डब्या उरल्या नव्हत्या. तुळशीच्या लग्नाच्या सुमारास आईला उलट्या सुरू झाल्या, पेजसुद्धा पोटात राहीना, आणि एका पहाटे ती उठता उठता कोसळली. गोमेकॉत, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजच्या इस्पितळात नेलं तेव्हा रक्तदाब खूप खाली गेला होता, सोडियमही उतरलं होतं. तिथल्या तरुण डॉक्टरबाईंनी आधी तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं, मग हातावरचे डाग पाहिले, आणि पहिलाच प्रश्न विचारला, “स्टेरॉइड कधीपासून घेत होत्या?”

त्यांनी नंतर समजावून सांगितलं ते असं. मूत्रपिंडांच्या वर दोन लहान ग्रंथी असतात. त्या कॉर्टिसोल तयार करतात, ज्याच्याशिवाय शरीर आजार, ताप, साधा ताणसुद्धा सोसू शकत नाही. बाहेरून रोज स्टेरॉइड मिळायला लागलं की या ग्रंथी आपलं काम थांबवतात. मग ते बाहेरचं अचानक बंद झालं तर आतलंही नाही आणि बाहेरचंही नाही, आणि माणूस असा कोसळतो. आईचं सकाळचं कॉर्टिसोल जवळजवळ शून्य निघालं. शिरेतून हायड्रोकॉर्टिसोन हे स्टेरॉइड सुरू केल्यावर संध्याकाळपर्यंत ती बोलायला लागली. आता ती स्टेरॉइडच्या गोळ्यांवरच आहे, फक्त आता किती आणि कशासाठी ते माहीत आहे. डॉक्टर तो डोस हळूहळू उतरवत आहेत. ग्रंथी पूर्ण जाग्या व्हायला कित्येक महिने लागतात. तोवर ताप आला, पडझड झाली किंवा दात काढायचा म्हटला तरी आधी डॉक्टरांना सांगावं लागतं, म्हणून तसं लिहिलेला कागद तिच्या पर्समध्ये कायम असतो.

घरी आल्यावर मी डबी घेऊन बसलो. डबी पाहायला सुंदर आहे, पण तिच्यावर जे लिहिलंय त्यातलं जवळजवळ काहीच टिकत नाही. एका बाजूला एफएसएसएआयचा, म्हणजे देशाच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा लोगो आणि दुसऱ्या बाजूला ‘आयुर्वेदिक औषध’. माल एकतर खाद्यपदार्थ म्हणून विकला जातो, मग त्याला एफएसएसएआयचा परवाना लागतो. किंवा आयुर्वेदिक औषध म्हणून विकला जातो, मग १९४० च्या औषध कायद्याखाली उत्पादनाचा परवाना लागतो आणि तो क्रमांक लेबलवर हवा. दोन्ही टोप्या एकाच डबीला घालता येत नाहीत. एफएसएसएआयचा क्रमांक चौदा आकडी असतो. आमच्या डबीवर तेरा आकडे आहेत. आकडे पुरे असते तरी काम संपत नाही. फॉसकॉस या सरकारी संकेतस्थळावर तो क्रमांक टाकून पाहायचा. परवाना कुणाच्या नावावर आहे, चालू आहे का, आणि तो याच प्रकारच्या मालासाठी आहे का, हे तिथे दिसतं. दुसऱ्या कुणाचा, लोणच्या-पापडाच्या धंद्याचा क्रमांक उचलून छापला जाऊ शकतो. २ ने सुरू होणारा क्रमांक ही छोट्या व्यवसायांची नोंदणी असते, तो सप्लिमेंटच्या उत्पादकाचा म्हणून छापलेला दिसला तर तिथेच थांबा.

सप्लिमेंटच्या लेबलवर ‘हेल्थ सप्लिमेंट’ किंवा ‘न्यूट्रास्युटिकल’ हा शब्द, ‘औषधी वापरासाठी नाही’ हे वाक्य, रोज किती घ्यायचं आणि त्याहून जास्त घेऊ नये ही सूचना लागते. प्रत्येक घटक किती मिलिग्रॅम तेही लागतं. आमच्या डबीवर फक्त ‘निवडक दुर्मिळ वनस्पतींचा अर्क’. उत्पादकाचा पत्ता नाही, नुसतं ‘मार्केटेड बाय’ आणि एका शहराचं नाव. बॅच क्रमांक वेगळ्या स्टिकरवर. ‘जीएमपी’ (उत्पादन चांगल्या पद्धतीने केल्याची खूण) लिहिलेलं सोनेरी वर्तुळ मात्र ठळक, जे कुणालाही छापखान्यात छापून मिळतं. आणि मोठ्या अक्षरांत, ‘संधिवात मुळापासून बरा’. १९५४ च्या आक्षेपार्ह जाहिरातींच्या कायद्यात ज्या रोगांवर इलाजाची जाहिरातच करता येत नाही त्यांची यादी आहे. मधुमेह आणि रक्तदाबाबरोबर संधिवातही त्या यादीत आहे. तेव्हा हे एकच वाक्य वाचून डबी खाली ठेवायला हवी.

तक्रारीबद्दलही सांगतो, कारण आम्हाला बरीच धावपळ करावी लागली. उघडलेली डबी नमुना म्हणून फारशी उपयोगाची नसते, आत काय कुणी घातलं असा प्रश्न येतो. शेजारच्या एका काकींकडे सीलबंद डबी होती, ती घेऊन आम्ही बांबोळीला अन्न व औषध प्रशासनाच्या कार्यालयात गेलो. बिल कुणालाच दिलेलं नव्हतं, म्हणून मोबाईलवरून पाठवलेल्या पैशांच्या नोंदी, व्हॉट्सॲपवरचे निरोप आणि शिबिराच्या बॅनरचे फोटो जोडले. गोमेकॉचा डिस्चार्ज पेपरही जोडला. अन्न सुरक्षा कायद्याच्या ४० व्या कलमाप्रमाणे ग्राहकाला स्वतः फी भरूनही नमुना तपासून घेता येतो, पण त्यासाठी विकत घेतानाच विक्रेत्याला तसं सांगावं लागतं. शिबिरात रांगेत उभं राहून हे कोण सांगणार? १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवरही तक्रार नोंदवली. प्रयोगशाळेचा अहवाल अजून यायचा आहे. तो येईपर्यंत त्या डबीत नेमकं काय होतं ते मी छातीठोकपणे लिहिणार नाही. आईच्या रक्ताने काय सांगितलं तेवढंच लिहितो.

वाड्यावरच्या ज्या ज्या घरांत त्या कॅप्सूल गेल्या होत्या तिथे आम्ही एकेक करून गेलो. सीलबंद डबी देणाऱ्या काकी दुसरी डबी रोज घेतच होत्या. त्यांचंही कॉर्टिसोल खालावलेलं निघालं, पण त्या कोसळण्याआधी डॉक्टरपर्यंत पोचल्या. एकींना काळं शौचाला होत होतं आणि लाजेने त्या कुणाला बोलल्या नव्हत्या. तसं होत असेल तर थांबायचंच नाही, सरळ इस्पितळ गाठायचं. अशा वेदनाशामकांनी जठरात रक्तस्राव होऊ शकतो, आणि बीपीच्या गोळ्यांबरोबर ती पडली तर मूत्रपिंडांवर जातं.

आईला आता जे लागतं ते रक्त तपासून ठरलेलं आहे: ड जीवनसत्त्व, साधं कॅल्शियम, आणि मांडीच्या स्नायूंचे व्यायाम. फिजिओथेरपिस्टने शिकवलेले ते व्यायाम ती कुरकुरत का होईना, करते. गोळ्या फार्मसीतून येतात, बिलासह, आणि महिन्याचा खर्च त्या एका डबीच्या जवळपासही जात नाही. गुडघे दुखतात. देवळाच्या पायऱ्या ती पुन्हा कठडा धरून चढते.

गेल्या आठवड्यात पेडण्याहून मावसबहिणीने एक फोटो पाठवला. तिथल्या एका वाड्यावर असंच शिबिर झालं, तेच यंत्र, तीच दांडी. डबीवर नाव वेगळं आहे, रंगही बदललाय, पण एफएसएसएआयच्या लोगोखाली तेच तेरा आकडे आहेत. तो फोटो आम्ही बांबोळीच्या तक्रारीला जोडला आहे, आणि बहिणीने तिथल्या पंचायतीत लेखी कळवलं आहे.